१८६ जीबी आणि सतत तुटणारी जोडणी: डाउनलोडसाठी टर्मिनलवरचं कोणतं टूल घ्यावं?

निळीशाई (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न लांबलाय, पण तपशील गाळले तर तुम्हालाच पुन्हा विचारावे लागतील, म्हणून सगळं लिहिते.

मी बोलीभाषांच्या उच्चारांवर संशोधन करते. एका संग्रहाने त्यांच्याकडची ध्वनिमुद्रणं अभ्यासकांना खुली केली आहेत. ४१२ झिप फाइली, एकूण १८६ जीबी. बहुतेक फाइली चार-साडेचारशे एमबीच्या आहेत, दोन मात्र ५ जीबीच्या पुढच्या. लॉगिन लागत नाही, थेट लिंक आहेत. सोबत एसएचए-२५६ चेकसमची (फाइलच्या आशयावरून काढलेला लांब आकडा, फाइल तीच आहे का ते ताडायला) एक यादीही दिली आहे. माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स, आणि बाहेरून जोडायची २ टीबीची हार्ड डिस्क. वायफाय रात्रीतून दोन-तीनदा तरी जातं आणि पाच-दहा मिनिटांनी परत येतं.

आजवर काय केलं ते क्रमाने सांगते.

ब्राउझरने सुरुवात केली. जोडणी तुटली की फाइल पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवसांत नऊ फाइली आल्या.

मग कुठेतरी वाचून एरिया-टू हे टर्मिनलवरचं डाउनलोड टूल वापरलं, एका सर्व्हरला १६ कनेक्शन आणि फाइलचे १६ तुकडे अशा सेटिंगने. पहिला तासभर वेग छान होता, नंतर ५०३ ची (सर्व्हर सध्या सेवा देऊ शकत नाही) एरर यायला लागली आणि थोड्या वेळाने सर्व्हरने माझ्याशी बोलणंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांची साइटसुद्धा उघडत नव्हती.

म्हणून तिसऱ्या रात्री डब्ल्यूगेट हे दुसरं टूल घेतलं. त्याच फोल्डरमध्ये, कंटिन्यूचा पर्याय लावून, लिंकची यादी देऊन झोपले. सकाळी पाहिलं तर १३७ फाइली झालेल्या आणि उरलेल्या सगळ्या अवघ्या काही मिनिटांत ‘होस्ट (म्हणजे सर्व्हर) सापडत नाही’ म्हणून सोडून दिलेल्या. त्यातही दोन गोष्टी मला अजिबात कळत नाहीत. एक, मोठ्या दोन फाइली दर वेळी ४ जीबीच्या आसपास येऊन थांबतात. दोन, काही फाइलींबद्दल डब्ल्यूगेट म्हणतं की फाइल आधीच पूर्ण उतरली आहे, आकारही बरोबर दिसतो, पण झिप उघडत नाही.

कुणी म्हणतं कर्ल वापर, कुणी अ‍ॅक्सेल, कुणी आरसिंक. यातलं नेमकं काय निवडावं आणि कशाच्या आधारावर? वेग कमी मिळाला तरी चालेल. मला खात्री हवी आहे की जे उतरलं ते तेच आहे, कारण या आवाजांवरूनच मी स्वरांची लांबी मोजणार आहे.

---

रात्रपाळी

तुमचं शेवटचं वाक्य वाचून आधी तेच उत्तर देतो: तुमच्यासाठी डब्ल्यूगेटच. कारणं खाली येतातच, पण त्याआधी तीन गोष्टी तपासून सांगा, कारण मला वाटतं तुमच्या दोन्ही कोड्यांची उत्तरं तिथे आहेत.

पहिली: ती हार्ड डिस्क कुठल्या फॉरमॅटची आहे? टर्मिनलवर ‘एलएसबीएलके’ला स्मॉल एफचा पर्याय लावून चालवा. तिथे ‘व्हीफॅट’ दिसलं तर डिस्क फॅट-३२ आहे, आणि फॅट-३२ वर एका फाइलची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट असते, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. त्यापुढे कुठलंही टूल एक अक्षर लिहू शकत नाही. तसं असेल तर सर्व्हर, जोडणी, डब्ल्यूगेट, कुणाचाच दोष नाही.

दुसरी: फोल्डरमध्ये ‘.एरिया२’ अशी शेपटी असलेल्या छोट्या फाइली उरल्या आहेत का? किती आहेत आणि कुठल्या झिपच्या नावाने?

तिसरी: सर्व्हर काय देऊ करतो ते त्यालाच विचारा. डाउनलोडच्या टूलची निवड माझ्या मते इथून सुरू व्हायला हवी आणि लोक नेमकं हेच वगळतात. मी गेली चौदा वर्षं एका प्रयोगशाळेसाठी रात्री मोठमोठे डेटासेट उतरवण्याचं काम करतो आणि आजही कुठल्याही नव्या सर्व्हरला पहिली हाक अशी मारतो (इथे उच्चार लिहिलेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत):

कर्ल --हेड --लोकेशन 'लिंक'

यात फाइल उतरत नाही, फक्त तिच्याबद्दलची माहिती येते. ‘अ‍ॅक्सेप्ट-रेंजेस: बाइट्स’ अशी ओळ दिसली तर सर्व्हर अर्ध्यातून पुढे द्यायला तयार आहे. ‘कंटेंट-लेंग्थ’ म्हणजे एकूण बाइट. ‘लास्ट-मॉडिफाइड’ किंवा ‘ईटॅग’ म्हणजे ही फाइल नेमकी कुठली आवृत्ती आहे याची खूण. काही सर्व्हर हेडला नीट उत्तर देत नाहीत. तिथे मी ० ते ० अशी रेंज मागतो, म्हणजे पहिला एकच बाइट. उत्तराचा क्रमांक २०६ आला तर काम झालं. २०० आला तर सर्व्हरने रेंजकडे दुर्लक्ष केलं आणि अख्खी फाइल पाठवायला घेतली, लगेच कंट्रोल-सी दाबायचं.

एवढं कशासाठी? कारण ‘रिज्यूम’ ही एकट्या टूलची करामत नाही. टूल म्हणतं, माझ्याकडे ३० कोटी बाइट आहेत, त्यापुढचे द्या. सर्व्हरला ते मान्य असेल तरच गाडी पुढे जाते. एचटीटीपी १.१ पासून ही सोय आहे, पण ती देणं सर्व्हरवर बंधनकारक नाही. जिथे ती नाही तिथे डब्ल्यूगेट, कर्ल, एरिया, सगळी सारखीच हतबल. मग टूल बदलत बसण्यात रात्री घालवू नयेत.

आता डब्ल्यूगेट का. १९९६ पासून हे नाव आहे, निक्शिच नावाच्या क्रोएशियन प्रोग्रॅमरने लिहिलेलं, आणि ते मंद, तुटक्या जोडण्यांसाठीच घडवलेलं आहे. धीर धरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहणं हा त्याचा मूळ स्वभाव. फाइल पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सलग लिहितं. त्यामुळे ते थांबलं तर डिस्कवर जेवढं आहे तेवढं सलग असतं, मध्ये भगदाड नसतं. हा गुण लोकांना साधा वाटतो. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

पण त्याच्या मूळ सेटिंग तुमच्या परिस्थितीला पुरणाऱ्या नाहीत, आणि तुमची तिसरी रात्र तिथेच वाया गेली. डब्ल्यूगेट एका फाइलसाठी २० वेळा प्रयत्न करतं हे खरं, पण काही चुका त्याला कायमच्या वाटतात, आणि तिथे ते एकदाच बघून पुढच्या फाइलकडे जातं. होस्टचं नाव न सापडणं ही त्यातली एक. तुमचं वायफाय गेलं, नाव सापडेना, डब्ल्यूगेट पुढच्या लिंकवर गेलं, तिथेही सापडेना, आणि अशी शेवटपर्यंतची यादी धडाधड संपली. वायफाय परत आलं तेव्हा करायला काही उरलंच नव्हतं. त्याला स्पष्ट सांगावं लागतं की ही चूकसुद्धा तात्पुरती समज. आणखी एक, समोरून काहीच येत नसेल तर डब्ल्यूगेट मुळात ९०० सेकंद वाट बघतं. पंधरा मिनिटं! ते ६० वर आणा. मी वापरतो ती कमांड अशी:

डब्ल्यूगेट --कंटिन्यू --ट्राइज=० --टाइमआउट=६० --वेटरिट्राय=३० --रिट्राय-कनरिफ्यूज्ड --रिट्राय-ऑन-होस्ट-एरर --वेट=५ --इनपुट-फाइल=यादी.टीएक्सटी

ट्राइज शून्य म्हणजे कितीही वेळा. वेटरिट्राय ३० म्हणजे पहिल्या अपयशानंतर १ सेकंद थांब, दुसऱ्यानंतर २, असं वाढवत ३० पर्यंत. रिट्राय-कनरिफ्यूज्डमध्ये ‘नेटवर्कच पोहोचत नाही’ ही चूकही धरली जाते, म्हणून तो पर्याय वायफायवाल्यांनी विसरू नये. वेट ५ म्हणजे दोन फाइलींच्या मध्ये पाच सेकंद विश्रांती, ती सर्व्हरसाठी. पूर्ण झालेल्या फाइलीपाशी ही कमांड काही न करता पुढे जाते, त्यामुळे ती कितीदाही चालवली तरी चालते. मी मुद्दाम लांब नावांचे पर्याय लिहितो. सहा महिन्यांनी स्क्रिप्ट उघडली की एकेका अक्षराचा अर्थ शोधत बसावं लागत नाही.

एक सावधगिरी. डब्ल्यूगेट कंटिन्यू करताना फक्त लांबी बघतं. मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली आणि नवी फाइल मोठी असेल, तर जुन्याचा पुढचा भाग आणि नव्याचा मागचा भाग जोडून ते तुम्हाला एक निरुपयोगी फाइल देईल, आणि तक्रारही करणार नाही. माझ्या बाबतीत हे घडलंय. एका डेटासेटची ७ जीबीची फाइल दोन रात्रींत आणली होती, मधल्या दिवशी त्यांनी ती दुरुस्त करून पुन्हा ठेवली होती. आमच्याकडे तीन आठवडे विश्लेषण चाललं आणि मग एकाने विचारलं की अर्ध्यानंतरचे सगळे आकडे असे का सरकलेत. तेव्हापासून चेकसम जुळल्याशिवाय मी फाइल कुणाच्या हाती देत नाही. तुमच्या संग्रहाने यादी दिली आहे, हे फार मोठं सुख आहे.

---

चौकडी

एरिया-टूची बाजू मांडते, कारण ते टूल मला मनापासून आवडतं आणि वरच्या प्रकारात त्याला विनाकारण दूषण लागेल.

रात्रपाळी ‘.एरिया२’ फाइलींबद्दल का विचारत आहेत ते सांगते. एरिया फाइलचे तुकडे पाडून ते एकाच वेळी आणतं. त्यासाठी ते बहुधा सुरुवातीलाच पूर्ण आकाराची जागा डिस्कवर अडवून ठेवतं (मूळ सेटिंग तशीच आहे). म्हणजे फाइल पहिल्या मिनिटापासून ४५० एमबीची दिसते, पण आत पहिला तुकडा भरलेला, दुसरा अर्धा, तिसरा रिकामा असं चित्र असतं. कुठला भाग भरला आणि कुठला नाही याची नोंद त्या ‘.एरिया२’ फाइलीत असते आणि काम पूर्ण झालं की ती आपोआप पुसली जाते. ती उरली आहे म्हणजे शेजारची झिप अपुरी आहे, आकार काहीही दिसो.

आता त्याच फोल्डरमध्ये डब्ल्यूगेटला कंटिन्यू करायला सांगितलं. त्याने लांबी पाहिली, सर्व्हरवरची लांबी पाहिली, दोन्ही सारख्या. म्हणालं, आधीच पूर्ण आहे. त्याच्या नजरेने ते खरंच बोलत होतं.

म्हणून एरियाने सुरू केलेली फाइल एरियानेच पूर्ण करायची. नोंदीची फाइल जागेवर असेल तर वेगळा पर्यायही लागत नाही, तीच कमांड पुन्हा दिली की ते सोडलेल्या जागेवरून उचलतं. नोंदीची फाइल चुकून पुसली असेल तर झिप टाकून द्या आणि नव्याने घ्या.

आणि तुम्हाला सर्व्हरने बाहेर का काढलं त्याचा हिशेब: एरिया एका वेळी ५ फाइली घेतं, प्रत्येकीला तुम्ही १६ कनेक्शन दिली. म्हणजे ८० कनेक्शन एकाच पत्त्यावरून. सर्व्हरच्या बाजूने पाहिलं तर तो हल्लाच दिसतो. १६ ही एका सर्व्हरसाठीची कमाल आहे, शिफारस नाही. मुळात एरियाची सेटिंग एका सर्व्हरला १ कनेक्शन अशीच असते. लोक लेखांमध्ये १६ लिहितात आणि ते पसरत जातं. मी स्वतः २, फार तर ४ च्या पुढे जात नाही आणि फाइल एका वेळी एकच.

जास्त कनेक्शनचा फायदा होतो कधी? सर्व्हर खूप लांब असेल, डेटाचं पाकीट जायला-यायला वेळ लागत असेल, किंवा सर्व्हरने प्रत्येक कनेक्शनला वेगाची मर्यादा घातली असेल तेव्हा. तुमचीच जोडणी २० एमबीपीएसची असेल तर १८६ जीबीला सलग साधारण २१ तास लागणारच, एक कनेक्शन असो की सोळा.

एरियाचा मला सगळ्यात आवडणारा गुण वेगळाच आहे. यादीच्या फाइलीत प्रत्येक लिंकखाली, ओळ थोडी आत सरकवून, त्या फाइलचा चेकसम लिहिता येतो: चेकसम=एसएचए-२५६= आणि पुढे तो लांब आकडा. उतरवून झालं की एरिया स्वतः ताडून बघतं आणि जुळलं नाही तर एरर देतं. तुमच्याकडे यादी तयार आहे, छोट्या स्क्रिप्टने दोन्ही एकत्र करता येतील.

---

अर्धविराम

कर्लबद्दल थोडं, कारण त्याची आणि डब्ल्यूगेटची तुलना नेहमी चुकीच्या मुद्द्यावर होते.

डॅनियल स्टेनबर्ग यांनी मार्च १९९८ मध्ये या नावाने पहिली आवृत्ती काढली. कर्ल हे मुळात पाइप आहे. जे मागाल ते आणून थेट स्क्रीनवर ओततं, फाइलीत ठेव असं वेगळं सांगावं लागतं. पत्ता बदलला असेल तर त्यामागे जात नाही, ‘लोकेशन’ सांगावं लागतं. आणि सर्व्हरने ४०४ चं पान पाठवलं तर कर्लच्या दृष्टीने डाउनलोड यशस्वी! तुम्हाला ९ केबीची ‘झिप’ मिळते, आत एचटीएमएल असतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘--फेल’ हवंच. मग ४०० किंवा त्यापुढचा क्रमांक आला की ते २२ हा एक्झिट कोड देऊन थांबतं. संशय आला की ‘फाइल’ ही कमांड त्या झिपवर चालवा, ती आत खरं काय आहे ते सांगते.

जिथे लॉगिन आहे, टोकन आहे, हेडर पाठवायचे आहेत, एखाद्या एपीआयशी बोलायचं आहे, तिथे मी दुसरं काही हातात घेत नाही. सध्याच्या विंडोजमध्ये ते आधीपासून असतं (विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून), मॅकवरही असतं, त्यामुळे दुसऱ्याला कमांड पाठवायची तर कर्लचीच पाठवतो. फक्त विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये ‘कर्ल’ असं लिहिलं की मायक्रोसॉफ्टची वेगळीच कमांड चालते, तिथे ‘कर्ल.ईएक्सई’ असं पूर्ण नाव लिहावं. डब्ल्यूगेटच्या नावाचंही तिथे तसंच आहे.

पण ४१२ फाइलींची यादी आणि तुटणारं वायफाय यासाठी मी कर्ल सुचवणार नाही. ‘--कंटिन्यू-अ‍ॅट -’ लावून लूपमध्ये चालवता येतं, मी चालवलंय. पण लूपला मर्यादा आपण घालायची, ४०४ आणि जोडणी तुटणं यांत फरक आपण करायचा, नावं आपण सांभाळायची. हे सगळं डब्ल्यूगेटने आधीच केलेलं आहे.

जाता जाता: लिंक नेहमी एकेरी अवतरणचिन्हांत लिहा. लिंकमध्ये & असेल तर शेल (टर्मिनलवरच्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम) तिथेच कमांड तोडतं आणि अर्धीच लिंक सर्व्हरकडे जाते. यादीच्या फाइलीतून लिंक दिल्या तर हा त्रास नाही.

---

निळीशाई

तिघांचे मनापासून आभार. उत्तरं अशी:

डिस्क व्हीफॅट आहे. म्हणजे ४ जीबीचं कोडं सुटलं.

‘.एरिया२’ शेपटीच्या सात फाइली सापडल्या. आणि न उघडणाऱ्या झिपही सातच, त्याच नावांच्या! मी त्या नोंदींना कचरा समजून पुसणार होते.

सर्व्हरचं उत्तर: अ‍ॅक्सेप्ट-रेंजेस बाइट्स आहे, ईटॅग आणि लास्ट-मॉडिफाइड दोन्ही आहेत.

आता दोन प्रश्न. डिस्क बदलायची तर आतलं सगळं जाईल ना? आणि एरिया ५ फाइली एका वेळी घेतं तर अपुऱ्या सात कशा?

---

चौकडी

थांबवताना चालू असलेल्या पाच, आणि त्याआधी ५०३ येऊन अर्धवट पडलेल्या दोन, असं असावं. त्या दोन्ही प्रकारांत नोंद मागे राहते. सातच आहेत तर एरियाने पूर्ण करण्याचा खटाटोप नको. झिप आणि नोंद, दोन्ही पुसा आणि डब्ल्यूगेटला नव्याने आणू द्या. तीन-साडेतीन जीबीचाच प्रश्न आहे.

---

रात्रपाळी

हो, फॉरमॅट बदलताना आतलं सगळं जातं. उतरलेल्या फाइली आधी लॅपटॉपवर किंवा दुसऱ्या डिस्कवर हलवा, तिथे चेकसम ताडा, मगच फॉरमॅट करा. डिस्क फक्त लिनक्सवर वापरणार असाल तर ईएक्सटी-४ घ्या. विंडोज किंवा मॅकलाही जोडायची असेल तर एक्स-फॅट. नावात फॅट असलं तरी ४ जीबीची मर्यादा तिथे नाही. एक्स-फॅटला जर्नल (अर्धवट राहिलेले बदल सावरणारी नोंद) नसतं, म्हणून केबल ओढण्याआधी अनमाउंट करायची, म्हणजे डिस्क सिस्टिममधून रीतसर सोडवायची, सवय लावा.

ताडायची कमांड, त्या फोल्डरमध्ये उभं राहून:

एसएचए२५६सम --चेक --क्वाएट चेकसम.टीएक्सटी

क्वाएटमुळे जुळलेल्या फाइलींबद्दल ती काही बोलत नाही, फक्त न जुळलेल्या आणि न सापडलेल्या दाखवते. एकूण १८६ जीबी वाचायचे आहेत, बाहेरच्या डिस्कवर वेळ लागेल, लावून द्या आणि उठा. जी फाइल जुळली नाही ती पुसून पहिल्यापासून घ्या. बिघडलेल्या फाइलवर कंटिन्यू करू नका, कारण बिघाड कुठे आहे हे चेकसम सांगत नाही, आणि लांबी पूर्ण असेल तर डब्ल्यूगेट तिला हातही लावणार नाही. (ही यादी त्याच सर्व्हरवरची आहे, तेव्हा ती वाटेतल्या बिघाडाची साक्ष देते. सर्व्हरवरच कुणी फाइल बदलली तर ती यादीही बदलू शकतो. त्यासाठी डिजिटल सहीची फाइल लागते आणि जीपीजी या टूलने ती तपासतात. तुमच्या कामात मला ते महत्त्वाचं वाटत नाही.)

टर्मिनलची खिडकी चुकून बंद झाली तरी काम चालू राहावं म्हणून टीमक्स या प्रोग्रॅममध्ये चालवा. लॅपटॉप झाकण लावल्यावर झोपत असेल तर ती सेटिंग बदला. मोठे बेत अशाच गोष्टीवर अडतात.

तुम्ही अ‍ॅक्सेल आणि आरसिंकबद्दल विचारलं होतं. अ‍ॅक्सेल हलकं आहे, पण तेही तुकडे पाडतं, तुम्हाला त्याची गरज नाही. आरसिंकचं मात्र वेगळं आहे. समोरच्यांनी आरसिंक उघडं ठेवलं असेल तर मी वरचं सगळं मागे घेईन आणि म्हणेन आरसिंकच वापरा. ते दोन्हीकडच्या फाइलींची तुलना करतं आणि जे वेगळं आहे तेवढंच आणतं. पुढच्या वर्षी संग्रहात वीस फाइली वाढल्या, तीन बदलल्या, तर त्या तेवीसच येतील. पण त्यासाठी पलीकडेही आरसिंक चालू असावं लागतं किंवा एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) प्रवेश असावा लागतो. साध्या वेबलिंकवर ते चालत नाही. संग्रहाला ईमेल करून विचारा. मोठे संग्रह अनेकदा ही सोय ठेवतात आणि पानावर लिहायची राहून जाते. त्याच ईमेलमध्ये त्या रात्रीच्या ८० कनेक्शनबद्दलही सांगा. पलीकडेही कुणीतरी रात्री जागून सर्व्हर सांभाळत असतं.

अजून एक. तुमच्या लिनक्समध्ये ‘डब्ल्यूगेट’ लिहिल्यावर नेमकं काय चालतं ते ‘--व्हर्जन’ने बघून ठेवा. फेडोरा या लिनक्सने ४० व्या आवृत्तीपासून त्या नावामागे डब्ल्यूगेट-टू ठेवलं आहे. ते नवं लिहिलेलं टूल आहे, बरेच पर्याय तेच, सगळे नाहीत. मी दिलेली कमांड पहिल्या डब्ल्यूगेटची आहे.

---

निळीशाई

अकरा दिवसांनी परत आले.

माझ्याकडे जुनंच डब्ल्यूगेट होतं. डिस्क ईएक्सटी-४ केली, सात झिप पुसल्या, ४ जीबीशी अडलेल्या दोनही पुसल्या, आणि कमांड जशीच्या तशी चालवली. तीन रात्री लागल्या, फक्त रात्री ११ ते सकाळी ६ चालवत होते. दुसऱ्या रात्री वायफाय जवळजवळ चाळीस मिनिटं गेलं होतं. लॉगमध्ये दिसतंय की ते तेवढा वेळ थांबून थांबून हाक मारत राहिलं आणि जोडणी आल्यावर त्याच फाइलच्या त्याच बाइटपासून पुढे गेलं. तो लॉग मी जपून ठेवला आहे.

ताडून पाहिलं तर ४११ जुळल्या, एक नाही. ती पुसून पुन्हा आणली. तरी नाही. तिसऱ्यांदा आणली, तरी नाही. पण मग लक्षात आलं की तिन्ही वेळा माझ्याकडचा एसएचए-२५६ एकच येतोय. वाटेत बिघडली असती तर दर वेळी वेगळा आला असता. म्हणून रात्रपाळींनी सांगितलेली हेडची कमांड चालवली. त्या फाइलचं लास्ट-मॉडिफाइड चेकसमच्या यादीच्या तारखेपेक्षा पाच महिन्यांनी नंतरचं निघालं.

संग्रहाला ईमेल केलं, त्या रात्रीची माफीही मागितली. उत्तर कालच आलं. त्या फाइलमधलं एक मुद्रण चुकीच्या सॅम्पलिंग रेटने (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ठेवलं गेलं होतं, ते त्यांनी बदललं होतं, यादी बदलायची राहिली होती. चुकीचा सॅम्पलिंग रेट म्हणजे माझ्या मोजमापात प्रत्येक स्वर लांब किंवा आखूड आला असता. आरसिंकची सोय त्यांच्याकडे आहे, पत्ता पाठवलाय. आज नवी यादी घेऊन पुन्हा ताडलं आणि कमांडने काहीही न बोलता मला प्रॉम्प्ट परत दिला.